अंगदच्या जागी

(बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजचा नाट्यशास्त्र विभाग. विभाग म्हणायचा एवढंच. एक हॉल, एक कपाट, शेवटच्या वर्षाला एकच विद्यार्थिनी, कावेरी, आणि तिला शिकवणारे शिवशरण सर. संध्याकाळची तालीम नुकतीच सुटलीय. खालच्या वर्गातली नटमंडळी घरी गेली. सरांना मात्र घरी जायची घाई गेल्या आठ वर्षांत कधी झालेली नाही.)

कावेरी : ...म्हणून म्हणते सर, चुकलं ते माझं. अंगदचं काहीच चुकलेलं न्हाई.

सर : कसं नाही? नाटकातला बाप सत्तरीचा आहे. लेकीची वाट बघत फाट्यावर बसलेला. हा पोरगा बाकावरून असा उठतो, जणू पोलीस भरतीत पळायला निघालाय.

कावेरी : तेवीसचा हाय तो, उठंलच की. मीच ती उठायची जागा तुमच्या गुडघ्यावर बसवली. अंगद अडीच महिने ऊसतोडीला, अन् त्याच्या जागी तालमीत तुमी उभं राहिलात. तुमाला उठायला येळ लागतो. तेवढ्या येळात लेक झालेली वैष्णवी गाडीतनं उतरून, पिशवी घिऊन बापापशी येती. आश्रुबा मामा लाइटबी तेवढ्याच येळात वाढवतेत. आता अंगद उठून उभा, अन् वैष्णवी अजून गाडीतच.

सर : मला हसूच आलं ते बघून.

कावेरी : मला न्हाई आलं. शनिवारी परीक्षक येणारेत. माझ्या सगळ्या वर्षाचे मार्क ह्या एका नाटकावर हायेत.

सर : मग एक सुचवू? बापाचं काम मीच करतो. सगळं पाठ आहे मला. परीक्षकांना फोन करून...

कावेरी : परीक्षेच्या नाटकात शिकवणाऱ्यानं काम करायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं ना सर? मार्क मला द्यायचे का तुमाला?

सर : माहीत आहे गं. उगाच विचारून बघितलं.

कावेरी : अन् अंगदला मी कावून काढू? मुकादमाच्या हातापाया पडून आठवड्याची सुट्टी काढली त्यानं. दोन गाड्या बदलून सोमवारी आला. म्हणला, फडात मोळ्या बांधताना रोज पाठ करत होतो, बाया हसायच्या, ह्याला काय झालंय म्हणायच्या. त्याला सांगू का, तुझी जागा भरली म्हणून?

सर : नको, नको. त्यालाच दे. चांगला नट आहे तो. मी शनिवारपर्यंत बसतो त्याच्यासोबत. पिशवी कशी घ्यायची, बाकाला धरून कसं उठायचं, सगळं दाखवतो.

कावेरी : तेच नको हाय, सर.

सर : म्हणजे?

कावेरी : तो तुमाला बघून तुमच्यावाणी करायलाय. आज तर लंगडला. तुमचा उजवा गुडघा दुखतो, त्यानं डावा धरला. अन् वैष्णवी 'बाबा, जेवलात का' म्हणती, ते पहिल्या रांगेत बघून. तुमच्याकडं. अन् तुमी तिथून ओठ हालवून उत्तर देता.

सर : मी?

कावेरी : कालबी अन् आजबी.

सर : माझ्या लक्षातच आलं नाही.

कावेरी : मला माहीत हाय.

सर : खरं सांगू का कावेरी, मला त्या वाक्याची सवय लागली. आमच्या लेकीचा, शिवानीचा फोन येतो, नाही असं नाही. दर रविवारी येतो. गोळ्या विचारते, बीपी विचारते. पण समोर उभं राहून 'जेवलात का' असं तिची आई गेल्यापासून, आठ वर्षांत, कुणी म्हटलेलं नाही. वैष्णवी म्हणायची. नाटकातलंच, पण रोज म्हणायची. मी दुपारचा डबा तसाच ठेवून यायचो. तिला 'नाही' म्हणताना खोटं वाटू नये म्हणून.

कावेरी : अडीच महिने?

सर : रात्री खायचो की. एवढं काही नाही त्यात.

कावेरी : म्हणून तुमचं 'न्हाई' इतकं खरं वाटायचं. मी वहीत लिवून ठेवलंय, अंगदला असंच जमलं पायजे म्हणून.

सर : ते खोड. माझं त्याच्या गळ्यात घालू नको. फडावरून आलाय तो. उपाशी माणूस कसा बोलतो ते त्याला माझ्यापेक्षा ठाऊक असेल. त्याचं त्याला काढू दे.

कावेरी : मंग सर, एक बोलायचं हाय. आश्रुबा मामाला म्हणलं, तुमीच सांगा सरांला. ते म्हणले, मी लाइट सांभाळतो बाई, मला त्यात घालू नको.

सर : आश्रुबाला सगळं कळतं. बोल तू.

कावेरी : उद्यापासनं तालमीला येऊ नका. शनिवारी या, परीक्षकांच्या शेजारी बसा. तवर नको.

सर : तीस वर्षांत मला तालमीतून बाहेर काढणारी तू पहिलीच.

कावेरी : राग आला का?

सर : राग आला असता तर बरं झालं असतं. वाईट वाटलं. पण तुझं बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर सोमवारीच सांगितलं असतं. तू दोन दिवस वाया घालवलेस.

कावेरी : तोंड उघडत नव्हतं माझं.

सर : आता बापाच्या उठण्याचं काय करणार?

कावेरी : बाक काढूनच टाकते. अंगदला उभं ठिवते, सुरुवातीपासनं. लेक यायची म्हणून बाप बसलाच न्हाई, असं.

सर : हं. हे मला सुचलं नसतं. मला बसायलाच लागलं असतं.

कावेरी : चालंल ना, सर?

सर : दिग्दर्शकानं असं विचारायचं नसतं. हॉलची किल्ली आश्रुबाकडं देऊन जातो. तालीम पाचलाच ना?

कावेरी : पाचलाच. तुमी घरी राहा. जरा आराम करा.

सर : राहतो. पण पाच वाजता घरी काय करायचं असतं, तेवढं सांगून जा मला.