खच्ची करायचा बोकड

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. मध्ये त्यांचा बोकड.

"वहिनी, खाटकाला द्यायचा नाही ठरलंय, मग याला खच्ची कशाला करतेस?"

"पिल्लं वाढली तर पोसणार कोण? तुझा भाऊ?"

"म्हणजे मारायचं नाही, पण जन्मूही द्यायचं नाही?"

"जन्मलंच नाही, त्याला कसलं दुःख?"

"आणि कसलं सुख? हा जन्मला तेव्हा तूच दिवसभर मांडीवर घेऊन बसली होतीस."

"म्हणून तर खाटकाला दिला नाही."

"आणि अशानं गोठ्यातली शेवटची शेळी गेली की?"

"सुटले म्हणेन."

"म्हणशील?"

"डोकं खाऊ नकोस गं."

आतून कंपाउंडर ओरडला, "खच्ची करायचा बोकड कुणाचा?"

भावजय उठली. बोकड तिच्या पिशवीचा बंद चघळत होता.

"आमचाच. पण आज नुसते वाढलेले खूर कापून द्या."