हिरवी काच

ओतूरच्या एसटी स्टँडवर जुन्नरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक बाई आणि तिचा दीर बसले होते. दोघांच्या मधे चादरीत गुंडाळलेली मोठी फळी उभी.

"वयनी, प्रदर्शनाला काय नेताय ते दावा तरी."

"कोपरा उचलून बघा की भावजी. चित्र हाय. मोडक्या ट्रंकेचा पत्रा, लग्नातल्या शालूचे काठ, काडेपेट्यांची जुनी चित्रं, समदं डकवलंय."

"झ्याक हाय. आन हे हिरवं चमकतंय ते?"

"काच."

"कसली?"

"माझ्या बांगड्यांची. तुमचे भाऊ गेले, तवा वट्यावर फोडल्या त्या."

"अवो, त्या टाकून द्यायच्या असत्यात! घरात ठेवल्या तुमी?"

"डब्यात. समदी आंघोळीला गेली, तवा येचल्या."

"लोक काय म्हणतील? ह्या बाजीरावाच्या, माझ्याच भावजयीनं फुटक्या बांगड्या भिताडाला टांगल्या म्हणतील."

"म्हणू द्या. माझ्या हातातल्या व्हत्या. फोडताना मला कुणी इचारलं न्हाई, आता डकवताना मी कुणाला इचारू?"

"तेवढी काच काढा, माझं ऐका. आन सारखं फोडल्या फोडल्या म्हणू नये वयनी. वाढवल्या म्हणावं."

"वाढवल्या?"

"व्हय. तशीच रीत हाय बोलायची."

"मग ती चादर पुरती काढा भावजी, आन बघा कितीक वाढल्यात. झाड झालंय त्यांचं."