ताईच्या पुस्तकाचं पान

—आणि हे गळ्यातलं कार्ड, हे त्याच कंपनीचं ना? लपवू नका, मघाशी चाक बघायला वाकलात तेव्हाच दिसलं मला. मोबाइलवर पुस्तकं विकतात ती कंपनी. बसा. बसा हो साहेब, त्या स्टुलावर बसा, घाई करून जाणार कुठे? मागचं चाक माझ्या हातात आहे.

माझ्या ताईचं पुस्तक होतं तुमच्याकडे. बस स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायची ती, अकरा वर्षं. काचेच्या खोलीतून सगळे फलाट दिसायचे तिला – कोण कोणाला सोडायला आलंय, कोण उगाच पाणी प्यायला थांबून मुद्दाम गाडी चुकवतंय. ते सगळं लिहिलं तिने. ‘थांबलेल्यांची यादी’. प्रकाशक म्हणाले बघू, आणि दोन वर्षं बघतच बसले. मग तिने स्वतःच छापलं. मुखपृष्ठाचा फोटो मी काढलेला – हललाय जरा – ती म्हणाली, असू दे रे, सुटणारी गाडी अशीच दिसते. आणि तुम्ही काय केलंत? आधी दहा प्रती गोदामात मागवल्या, त्यातल्या चार परत पाठवल्या, कोपरे दुमडलेले, वर चिठ्ठी – प्रत खराब आहे. अहो, खराब तुम्ही केलीत! मोबाइलवर पान उघडावं तर तिच्या पुस्तकाच्या डोक्यावर भलत्याच कोणाच्या पुस्तकाची जाहिरात. तिच्या पानावर! समोरचा पंक्चरवाला माझ्या दारात त्याची पाटी लावेल का? लावून तर बघू दे. आणि खाली काय, तर ‘सध्या उपलब्ध नाही’. उपलब्ध नाही! घरात पलंगाखाली गठ्ठे, आई म्हणायची, अगं, मी पाय कुठे ठेवू?

हे बघा, बुडबुडे. काच घुसलीय, खिळा नाही. लागेल अजून दहा मिनिटं.

तर एक दिवस पानच गेलं. सकाळी होतं, दुपारी नाही. ईमेल आला – ‘प्रिय लेखक’ – लेखक म्हणे, बाईमाणूस आहे एवढंही बघितलं नाही – ‘आपल्या पुस्तकाचे अभिप्राय संशयास्पद आढळले आहेत’. खाली सही नाही, फोन नाही, माणूस नाही. बावीस ईमेल लिहिले तिने. शेवटचे सात डायलिसिसच्या खुर्चीवरून, एका हाताने, दुसऱ्या हातात सुया. दर वेळी उत्तर तेच, अक्षर न अक्षर तेच. मी सातवीत शाळा सोडली, वाचायला वेळ लागतो मला, पण ते उत्तर पाठ आहे, म्हणून दाखवू? तिला वाटायचं, कोणीतरी दात धरून आहे. स्टँडवरचा जुना सुपरवायझर असणार म्हणाली, पुस्तकात त्याच्यावर चार पानं होती. तो दवाखान्यात भेटायला आला, फळं घेऊन, तर ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बिचारा फळं ठेवून गेला. आणि गेल्या महिन्यात हीच गेली.

काय? संशयास्पद म्हणजे नक्की काय होतं? – काय असणार? लोकांनी चांगलं लिहिलं, तुम्हाला बघवलं नाही. इथलीच गिऱ्हाइकं. पंक्चर काढेपर्यंत माणूस काय करतो? मोबाइल काढतो, वायफाय आहे का विचारतो. मी म्हणायचो आहे की, आणा, पासवर्ड मी टाकून देतो, पण पहिलं काम – ताईच्या पुस्तकाला पाच तारे. आता पाच ताऱ्यांनी कोणाचं काय जातं? एकतीस जणांनी दिले. खाली काय लिहू विचारायचे, मी सांगायचो, ‘वाचून डोळ्यांत पाणी आलं’ लिहा. सगळ्यांना तेच. दुसरं काय सुचणार मला, मी कुठे पुस्तक – बारा पानं वाचली होती मी. बारा. वाचणार होतो पुढची. आणि असं बघू नका माझ्याकडे! मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकाखाली एका रात्रीत शंभर शंभर अभिप्राय येतात, एकाच साच्यातले, ते चालतात तुम्हाला. त्यांचं पान काढून दाखवा. आहे टाप?

नाही. तिला नाही सांगितलं. सांगणारच होतो – आज नको, आज सुया आहेत, आज ताप आहे. रोज विचारायची, आलं का रे पान? शेवटी म्हटलं, आलं. दाखव म्हणाली. मी म्हटलं, मोबाइलची बॅटरी संपलीय. मोबाइल माझ्या हातातच होता, चालू. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं.

…काय म्हणालात? लिहून द्यायचं? मीच केलं, लेखिकेला यातलं काही माहीत नव्हतं, एवढंच? आणि पान उघडतील? तुमच्याच मजल्यावरचा माणूस बघतो हे सगळं? म्हणजे माणूस आहे तिथे! – थांबा, पेन काढू नका. उत्तर कुठे येणार? तिच्याच ईमेलवर ना?

ते आई उघडते. रोज सकाळी चष्मा लावून बघते, काही आलंय का. मग तुमच्या नावाने बोटं मोडते आणि चहा टाकते. तेवढ्या रागावर उभी आहे ती. मीही शिव्या घालतो तुम्हाला, तिच्याहून मोठ्याने, म्हणून तिच्यासमोर बसून दोन घास खाता येतात मला. भावाने लिहून दिलं म्हणून पान उघडलं, असं त्यात येणार, आणि ती मला विचारणार – काय लिहून दिलंस?

ठेवा तो कागद खिशात. नको म्हटलं ना! चाक बसलंय, हवा भरलीय, निघा. गाडी बाजूला घ्या आधी, रस्ता अडतोय –

हां, बोला मावशी. पुढचं की मागचं?