सात नंबरचे बूट

बुटांच्या दुकानात मी बाकावर टेकलो होतो. शेजारी एक म्हातारे राखणदार नवे बूट घालून बघत होते. त्यांची लेक खाली बसून नाड्या बांधत होती.

"अण्णा, हे आठ नंबरचे. बरे वाटतात?"

"सैल आहेत. सात नंबरचे आण."

"सैल कुठे? बोटं पार टोकाला टेकलीत."

"पाय माझा आहे की तुझा?"

"मागच्या वेळी हट्टानं सातच घेतलेत. टाच सोलून निघाली, तरी तेच घालून कामावर जात राहिलात."

"मला काही दुखलं नाही."

"तेच तर मला कळत नाही. मोजा रक्तानं भिजला होता अण्णा."

"मलाही कुठं कळतंय? पण सैल बुटात पाय आहे की नाही, याचाच पत्ता लागत नाही. घट्ट असला की निदान काहीतरी घातलंय असं वाटतं."

"असं कसं होईल? जरा चालून दाखवा. अहो, खाली बघत काय चालताय?"

"मग काय छताकडे बघू?"

"बसा इथं. बूट काढते. आता डोळे मिटा, आणि मी कुठलं बोट दाबतेय ते सांगा."

"काय पोरखेळ लावलाय. बरं, मिटले."

लेकीनं त्यांचा अंगठा चिमटीत धरून नख रुतेपर्यंत दाबला. मग दुसरं बोट दाबलं. मग तिसरं.

"अगं, दाब की आता. लोक बघत असतील."