दिवे लावल्याशिवाय हॉर्न नाही

मी खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, धंदा गाड्यांचे वायरिंग, राहणार बसस्टँडमागे, गॅरेजच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी नणंद, वय ५९, धंदा शिवणकाम, तसेच गाडी बांधणारी, अशा दोघी राहतो. ठाण्याच्या आवारात उभी असलेली हिरवी मोटार माझ्या सासऱ्यांची आहे. ती एकतीस वर्षे शेडमध्ये बंद होती. गाडीचे पुस्तक वाळवीने खाल्ले, त्यात मालकाचे नाव व नंबर असलेली पाने गेली. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही ती दुरुस्तीला घेतली.

जुन्या तारांवरचे रबर बोटात धरले की भुगा होत असे, म्हणून सगळ्या तारा नव्याने ओढल्या. या गाडीचे भाग दुकानात मिळत नाहीत. हेडलाइटच्या वाट्या एका शिक्षिकेच्या गच्चीत सापडल्या. त्यांत कोरफड लावलेली होती. कोरफड कुंडीत लावून दिल्यावर बाईंनी वाट्या दिल्या. मागचे दोन दरवाजे भंगारवाल्याकडून घेतले. सासरे गेल्या वर्षी वारले. त्या दिवशी फक्त डावा दिवा लागत होता.

गेल्या मंगळवारी गाडी रंगवाल्याच्या दुकानासमोर उभी असताना दुपारी एक ते दोनच्या दरम्यान नाहीशी झाली. गुरुवारी ती पोलिसांना सदर भंगारवाल्याच्या आवारात मिळाली. त्याने दरवाज्यांच्या पावतीची स्वतःकडची प्रत दाखवून, अख्खी गाडी आपणच जोडली असे सांगितले. ती खोलून भाग विकायचे त्याने ठरवले होते. आज पाचपर्यंत पुरावा दिला नाही तर गाडी त्याला परत द्यावी लागेल, असे ठाण्याच्या साहेबांनी मला सांगितले.

आज दुपारी तीन वाजता आम्ही सर्व आवारात जमलो. मी एका चिठ्ठीवर तीन शब्द लिहून, घडी घालून ती हवालदारांकडे दिली. त्यावर भंगारवाला मला म्हणाला, "वहिनी, वायरिंग म्हणजे काय ब्लाउज शिवणं वाटलं का?" नणंद म्हणाली, "दादा, ब्लाउज नीट बसला नाही तर गिऱ्हाईक दारात येऊन बोलतं. तुमच्या गाड्या मुक्या, म्हणून तुमचं निभावतंय."

मी साहेबांना विनंती केली की, यांना फक्त हॉर्न वाजवायला सांगा. "रोज वाजवतो, साहेब," असे म्हणून तो गाडीत बसला. ठाण्यात जमा असलेल्या चावीने इंजिन चालू केले. हॉर्न तीन वेळा दाबला. वाजला नाही. "जळलाय," असे तो म्हणाला. साहेबांनी चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली: 'आधी दिवे लावा.'

याचे कारण असे. तारांचा जुडगा झाकायला नणंदेने छत्रीच्या कापडाची लांब पिशवी शिवली. हॉर्नची तार बॅटरीकडून वेगळी यायला हवी होती. ती माझ्या हातून दिव्यांच्या तारांत गेली आणि चूक कळेपर्यंत साडेचार मीटर दुहेरी शिलाई झाली होती. "आता उसवायचं नाव काढू नकोस," असे नणंद म्हणाली. मी काढले नाही. तेव्हापासून दिवे लावल्याशिवाय हॉर्न वाजत नाही.

नंतर मी गाडीत बसले, दिवे लावले, हॉर्न दाबला. आत डबा खात असलेले दोन शिपाई हात न धुता बाहेर आले. हॉर्न किती वेळ दाबून धरला ते मला सांगता येणार नाही. नणंदेच्या म्हणण्याप्रमाणे बराच वेळ.

"काय हो मालक, आपल्याच गाडीचा हॉर्न माहीत नाही?" असे साहेबांनी विचारले. तेव्हा भंगारवाल्याने, गाडी क्रेन लावून रंगवाल्याच्या दारातून नेल्याचे कबूल केले. चार वाजून दहा मिनिटांनी चावी मला परत मिळाली.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात नणंदेबद्दल 'मदतनीस' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले व त्या जागी 'गाडी बांधणारी' असे घातले. आता सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही एकीचीच लागते असे हवालदार म्हणाले. आम्ही दोघींनी केली आहे.