न वाचलेल्या सूचना

विधी प्रवेश परीक्षेचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. एम.ए.नंतर घरून मिळालेली ती शेवटची संधी होती. संगणकासमोर बसताच घाईघाईत 'सूचना वाचल्या, मान्य आहेत' येथे मी न वाचताच खूण केली. चुकीच्या उत्तराला गुण कापतील, या धास्तीने शंकेचे चौदा प्रश्न कोरे ठेवले.

बाहेर उचगावचा मित्र संदीप भेटला. त्यानेही तीच परीक्षा दिली होती. मी विचारले, "तू किती प्रश्न कोरे ठेवलेस?"

"एक बी न्हाय. चुकलं तर गुण कापत न्हाईत. सूचनांत लिवलंय की."

मी कबूल केले, "मी त्या न वाचताच मान्य केल्या."

"मग वकील कशाला व्हतोयस गड्या? अशीलच हो."