मालनताईंपेक्षा एक अँटेना जास्त

तिथे नको हो देवराम, टीव्हीच्या मागे नको — तिथे दिसणार नाही. म्हणजे, सिग्नल अडेल, असं म्हणतेय मी. इथे लावा, या खुर्चीसमोर, रविवारी मी इथेच बसते. आणि खोक्यावर चित्रात आहेत तेवढ्या सगळ्या अँटेना आहेत ना आत? मोजा बघू. पाच? आणि आमच्या विहीणबाईंकडे, डोंबिवलीला, तुम्हीच बसवलात ना राउटर — तिथे किती आहेत? नाही, आपलं सहज विचारलं. चारच्या वर नसतील. तुमचा नंबर मला तिथेच मिळाला. त्यांनी दिला नाही, मी कशाला मागायला जाऊ! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते, दाराजवळच्या नेटच्या डबीवर तुमच्या नावाचा स्टिकर दिसला, त्यावरचा नंबर वाणाच्या पाकिटावर उतरवून घेतला. तुम्ही मोहन्याहून एवढे नौपाड्यापर्यंत आलात, बरं झालं. फक्त मालनताईंना सांगू नका हं — उगाच त्यांना वाटायचं, माझ्या पोटात दुखतंय.

दुखायला काय झालंय? मुकुल माझा मुलगा, संचिता त्यांची मुलगी, दोघं हॉलंडला. नातू एकच, नील, सहा वर्षांचा. म्हणजे दोघींचा सारखाच, की नाही? पण नाही — रविवारी आधी फोन डोंबिवलीला, चांगला तासभर. मग उरलंसुरलं माझ्याकडे, दहा मिनिटं. का, तर 'आई, तुझं नेट जातंय, तू अडकतेस.' झालं, संपलं! त्या पोराच्याही तोंडी तेच, मला 'अडकणारी आजी' म्हणतो. आणि हळदीकुंकवाला वीस बायकांसमोर मालनताई काय म्हणाव्यात? 'अगंबाई सरोजताई, तुमच्याकडे नेट धड नाही म्हणे!' कीव करतात माझी! तिळगूळ तोंडात होता म्हणून, नाहीतर चांगलं बोलले असते.

बरं, या तासभर बोलतात तरी काय? त्याच दिवशी फोन आला, मी डोळ्यांनी पाहिलं. फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला, समोर पोरगं जमिनीवर गाड्या फिरवतंय, आणि बाईसाहेब मटार सोलतायत! मधूनच एखादं 'हो का रे?' — की पुन्हा मटार. याला काय बोलणं म्हणायचं? माझं तसं नाही. मी आठवडाभर मुद्दे लिहून ठेवते. फोन लागला की आधी विचारते, तिकडे किती वेळ बोललात — का, विचारू नये? मग नीलचे पाढे घेते. तीस वर्षं गणित शिकवलंय मी शाळेत, नातवाला पाढे यायला नकोत? आणि नेमकं तेव्हाच नेट जातं. चाराच्या पाढ्यापुढे आम्ही गेलेलोच नाही अजून. गेल्या रविवारी तर कमाल झाली — मुकुल तोंड उघडं ठेवून गोठला तो गोठलाच, आणि मागे खिडकीचा पडदा मात्र हलतोय! अर्धंच नेट जातं का हो असं? अहो, विचारतेय मी. असं काय बघताय?

आता जुन्यावर स्पीड कशाला तपासताय? तो काढायचाच आहे. बरं, बघा तुमच्या समाधानासाठी. काय आलं? अठ्ठ्याण्णव? शंभरापैकी? मग उत्तम झालं की — नाही, थांबा. हे जुन्याचं आहे? तुम्ही नवा अजून जोडलाच नाहीत? पुन्हा बघा. मोबाइल इथे धरा, खुर्चीपाशी. सत्त्याण्णव. मग आत बेडरूममध्ये? तिथेही तेच. म्हणजे या राउटरला काहीच झालेलं नाही?

आणि मालनताईंकडे किती येतं? सांगा हो, आता लपवून काय करायचंय. चाळीस. चाळिसाचंच कनेक्शन आहे त्यांचं? आणि अँटेना — दोनच. अच्छा.

चाळीस म्हणजे काठावर पास. त्यात तासभर चालतं.

पडदा हलत होता, देवराम. मी म्हटलं ना तुम्हाला — पडदा हलत होता. लहानपणी मुकुलला पाढे म्हणायला बसवलं की हा झोपेचं सोंग घ्यायचा, पापण्या थरथरायच्या, मला दिसायच्या. तेव्हा मी काही सोडलं नाही. उठवून तिसापर्यंत म्हणून घ्यायची. आता तिथे जाऊन कसं उठवू?

नाही, नका जोडू. नवा घाला परत खोक्यात. अहो, दुकानात परत घेतील न घेतील, ते माझं मी बघेन. जुनाच राहू दे, होता तिथेच. रविवारी फोन ठेवताना त्याला म्हणायला काहीतरी हवं ना. हा नवा बघितला तर काय म्हणेल तो? म्हणायलाच काही उरलं नाही तर फोनच करणार नाही.

चहा राहिला तुमचा. राहू दे, गार झालाय. आणि हे बघा — डोंबिवलीला गेलात तर मालनताईंना सांगा, मी तुम्हाला बोलावलं होतं. हो, सांगाच. म्हणावं, स्वतः तपासून आलोय, सरोजताईंकडे नेट खरंच फार वाईट आहे.

या आता. दार ओढून घ्या.